उजेडात बघा

लक्ष्मी रोडला, कुंटे चौकाच्या अलीकडे,
जिन्याखालचं नऊ फुटी मॅचिंग सेंटर.
एकतीस वर्षं मी तिथं एकच वाक्य विकलं :
"ताई, बाहेर उजेडात जाऊन बघा."
कापड शेठचं. वाक्य माझं.

ट्यूबलाइटखाली सगळेच रंग खोटं बोलतात.
बायका तुकडा घेऊन पायरी उतरायच्या,
कुणाच्याही स्कूटरच्या सीटवर पदर पसरायच्या,
मान तिरकी करायच्या,
आणि मी काउंटरवरूनच ओळखायचो
ही परत येणार, की समोरच्या दुकानात शिरणार.

पानसेबाई म्हणायच्या,
"हा आमसुली नाही हो. हा काल भिजवलेल्या
आमसुलाच्या पाण्याचा रंग."
तो खालून तिसऱ्या कप्प्यात असायचा.

आता साडी येते फोनमधून.
खरी अजून सुरतेहून निघायची असते.
ब्राइटनेस वाढवला की मोरपंखी,
कमी केला की चिंतामणी.
"काका, ह्याला मॅचिंग द्या."
कुठल्या उजेडात पाठवू हिला?
उजेड तर हिच्याच हातात आहे.

हर्षिल, शेठचा नातू,
काउंटरवर गोल दिवा लावून बसतो.
परवा म्हणाला, काका, रंगाचं नाव फोनला सांगा,
लोक शोधतात तेव्हा आपण सापडायला पाहिजे.
मी म्हटलं, "चिंतामणी."
फोननं थेऊरच्या बसचं वेळापत्रक काढलं.

मग म्हणाला, चेहरा नको, फक्त हात.
मी ताग्याला हिसडा दिला, नेहमीसारखा,
कापड सुटलं, वळलं, चौघडी होऊन पडलं.
अठ्ठावीस सेकंद.
एक लाख दहा हजार लोकांनी पाहिलं म्हणे.
खाली लिहिलंय : किती शांत वाटतं.
काका, परत एकदा.
प्राइस प्लीज. प्राइस प्लीज. प्राइस प्लीज.
नांदेडहून कुणी, न्यू जर्सीहून कुणी.

घरी सुमन भाजी निवडता निवडता म्हणाली,
"बघा हो, कसली सुंदर घडी घालतोय हा माणूस."
अंगठ्यावरचा इस्त्रीचा डाग दिसला तेव्हा गप्प झाली.
मग म्हणाली, "घरात एक चादर कधी घातली नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून माझ्या फोनवर
हाताला लावायचं क्रीम.
तिसऱ्या दिवशी सांधेदुखीचं तेल.
बोटं दुखतात हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.
सकाळी उठताना फोनशेजारी
आई गं म्हणालो असेन.

गुरुवारी पानसेबाई आल्या. दोन वर्षांनी.
गुडघे. मुलगा सगळं घरी मागवतो.
"आवडलं नाही तर परत नेतात.
एका शब्दानं वाद घालत नाहीत."
स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या.
"म्हटलं, जाऊन जरा वाद घालून यावं."

मी कप्पे उपसले. सात आमसुली.
सातवा त्यांनी हातात धरून ठेवला.
पायरी उतरल्या, एक पाय, मग दुसरा,
कापडाचा फोटो काढला, बाणेरला सुनेला पाठवला.
सुनेनं दोन मिनिटांत तोच शोधला,
सत्तर रुपयांनी कमी.
"बघा बरं," बाई म्हणाल्या, "तोच आहे ना?"

मी फोन घेऊन खाली उतरलो.
उन्हात स्क्रीनवर काहीच दिसेना,
फक्त मी, काळपट,
मागे लोंबणारी केबल आणि थोडं आकाश.
मग आडवा हात धरून सावली केली,
तोच हात, एक लाख दहा हजारांचा,
आणि त्या सावलीत रंग वर आला.

कालच्या पाण्याचा नव्हता.
आजच्या सकाळचा म्हणता आला असता.
वर हर्षिल बघत होता. शेठच्या फोटोचा हार हलत होता.
"जवळचा आहे," मी म्हणालो.
"घ्या."

बाई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या,
मान तिरकी करून.